शहराचा विकास आराखडा आणि रहिवाशांच्या हरकती

शहराच्या पुढील वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा तयार झाला की तशी जाहीर सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध केली जाते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक अक्षरांत छापलेली ही सूचना बहुतेकांच्या नजरेतून निसटते. वास्तविक तिच्यात दिलेल्या मुदतीत रहिवाशाने लेखी काही कळविले, तर त्याचा विचार करणे नियोजन प्राधिकरणाला कायद्याने बंधनकारक असते. मुदत उलटल्यानंतर पाठविलेल्या निवेदनाला तो दर्जा राहत नाही. आपल्या घरावरून रस्ता आखला गेला आहे, अथवा शेजारच्या मैदानाचे आरक्षण उठले आहे, हे अनेकांना समजते ते त्यानंतर काही वर्षांनी, नोटीस हाती पडल्यावर किंवा मैदानाभोवती पत्र्याचे कुंपण उभे राहिल्यावर.

देशातील मोठ्या शहरांपैकी मुंबईच्या २०१४ ते २०३४ या कालावधीच्या आराखड्याबाबत ही प्रक्रिया सर्वाधिक गाजली. नागरिकांच्या विरोधानंतर शासनाला प्रसिद्ध झालेला मसुदा बाजूला ठेवून नवा मसुदा तयार करण्यास सांगावे लागले, असा प्रसंग तेथे घडला. त्यामुळे प्रस्तुत लेखात मुंबईचा अनुभव विस्ताराने दिला असून दिल्ली, बंगळूरू व गोवा येथील घडामोडींचा आवश्यक तेवढा परामर्श घेतला आहे.

प्रथम शब्दांविषयी

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाची येथे पहिल्याच पायरीवर गफलत होण्याचा संभव आहे. महाराष्ट्रातील कायदेशीर परिभाषेत नागरिकांकडून मागविल्या जातात त्या 'हरकती व सूचना'. दिल्ली, इंदूर किंवा भोपाळ येथील हिंदी जाहिरातीत त्यांनाच 'आपत्तियाँ एवं सुझाव' असे म्हटलेले असते आणि तेथे 'सूचना' म्हणजे स्वतः ती जाहिरात. उलट मराठीतील 'हरकत' हा शब्द हिंदीत हालचाल किंवा खोडी या अर्थाने जातो. इंदूरच्या मराठी गृहस्थाने हिंदी अर्जात 'मेरी हरकत है' असे लिहिले, तर वाचणाऱ्या कारकुनाची करमणूक होईल, अर्जदाराचे काम मात्र होणार नाही.

हरकत आणि सूचना यांत फरक आहे. मसुद्यातील एखाद्या प्रस्तावाला विरोध नोंदविणे ही हरकत, तर मसुद्यात नसलेली गोष्ट समाविष्ट करावी किंवा असलेली बदलावी अशी मागणी ही सूचना. दोन्हींना कायद्यात समान स्थान आहे. लोकांना हरकत घेणे अधिक परिचयाचे असते. सूचना करण्याचा अधिकार मात्र फारसा वापरला जात नाही. मुंबईत सूचनांनी काय साधले याचे एक लक्षणीय उदाहरण पुढे येईल.

'आरक्षण' म्हणजे एखादी जमीन शाळा, उद्यान, रुग्णालय, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणे; जमीन त्या वेळी खासगी मालकीची असू शकते. 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते सांगणारा आकडा. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक २ असेल तर सर्व मजले मिळून दोन हजार चौरस मीटर बांधकाम करता येते. चटई अंथरण्याजोगी जमीन मोजण्याची ही कल्पना मराठी परिभाषाकारांनी मोठ्या समर्पकतेने उचलली आहे; इंग्रजी संज्ञेत हे चित्र नाही.

कायद्यातील तरतूद

नगरनियोजनाचे कायदे राज्यनिहाय वेगवेगळे आहेत. दिल्लीचा कायदा १९५७ चा, कर्नाटकाचा १९६१ चा, महाराष्ट्राचा १९६६ चा, तर गोव्याचा १९७४ चा आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याजोग्या विषयांच्या बाराव्या अनुसूचीत घातला आणि महानगरांसाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांनी ही सत्ता विकास प्राधिकरणांच्या अथवा स्वतःच्या हाती ठेवली आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यान्वये विकास योजनेचा प्रवास साधारणपणे असा होतो. महानगरपालिका किंवा नगरपरिषद आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. त्यानंतर शहरातील प्रत्येक जमिनीचा आज काय वापर होत आहे याचे सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापर नकाशा तयार केला जातो. त्या आधारे आराखड्याचा मसुदा बनतो आणि तो प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. आलेल्या हरकतींवर सुनावणी घेण्याचे काम नियोजन समितीचे असते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समितीच्या अहवालावर सर्वसाधारण सभा निर्णय घेते आणि आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. शासन तो जसाच्या तसा, फेरबदलांसह अथवा भागाभागाने मंजूर करू शकते. किमान वीस वर्षांतून एकदा आराखड्याची सुधारणा करण्याचे बंधन कायद्याने घातले आहे.

या क्रमात सुनावणीच्या टप्प्याला सारे महत्त्व दिले जाते. तथापि आराखड्याचे भवितव्य बऱ्याच अंशी त्याआधीच, सर्वेक्षणाच्या वेळी ठरून गेलेले असते. नकाशावर जी वस्ती 'मोकळी जमीन' म्हणून नोंदली गेली तिच्यावरून रस्ता नेताना नियोजनकाराचा हात थबकत नाही. जी शाळा नोंदलीच गेली नाही तिच्याऐवजी दुसरी शाळा सुचविली जाते आणि त्यासाठी तिसऱ्याच कोणाची जमीन आरक्षित होते.

आधी पाहणी, मग नियोजन, हा आग्रह भारतात सर्वप्रथम जोरकसपणे मांडला तो स्कॉटलंडचे नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी. १९१४ नंतरच्या दशकात त्यांनी देशातील अनेक शहरांविषयी अहवाल लिहिले. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यासाठी आणि १९१८ मध्ये होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी अहवाल सादर केले. १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. प्लेगने ग्रासलेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढण्याची कल्पना मांडली आणि ज्या रस्त्यावरील घरांची सर्वाधिक साफसफाई व डागडुजी झालेली असेल त्या रस्त्याने ती जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमाही होती. लोकांना हरकती विचारण्याची ही रीत नव्हती हे खरे. परंतु शहराचा आराखडा ही केवळ कचेरीतील नकाशांची बाब नाही हे त्या काळी इंदूरकरांना जितके उमगले असेल, तितके आजच्या बारीक अक्षरांतील जाहिरातींनी कोणाला उमगत नाही.

मुंबईचा अनुभव

मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६४ मध्ये तयार होऊन १९६७ मध्ये मंजूर झाला. दुसऱ्या आराखड्याची मंजुरी टप्प्याटप्प्याने, १९९१ ते १९९४ या काळात मिळाली. या दोन्ही आराखड्यांतील आरक्षणांचा मोठा हिस्सा कागदावरच राहिला. तिसऱ्या आराखड्याची तयारी सुरू झाली तेव्हा ही पार्श्वभूमी नागरिकांच्या ध्यानात होती.

विद्यमान जमीन वापराचे नकाशे २०१२ च्या अखेरीस उपलब्ध झाले आणि त्यांतील चुका निदर्शनास येऊ लागल्या. या टप्प्यावर लोकांकडून दुरुस्त्या मागविणे कायद्याने अनिवार्य नव्हते. तरीही महानगरपालिकेने त्या स्वीकारल्या. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने वेगवेगळ्या क्षेत्रांतील जाणकारांना एकत्र आणून आराखड्याची तत्त्वे मांडली. 'हमारा शहर' या नावाने चाललेल्या मोहिमेतून झोपडपट्ट्यांतील रहिवासी, फेरीवाले, बेघर यांच्या गरजा प्रभागनिहाय बैठकांमधून नोंदविण्यात आल्या. झोपडपट्टीच्या आतील बालवाडी, दवाखाना, पाण्याचा नळ आणि घरातच चालणारा छोटा कारखाना यांची नकाशावर पुरेशी दखल घेतली जात नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे ४० टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती, हे लक्षात घेता ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

कोळीवाड्यांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. कोळीवाडा म्हणजे फक्त घरे नव्हेत. मासळी सुकविण्याची जागा, जाळी विणण्याचे व दुरुस्त करण्याचे अंगण, होड्या ओढून ठेवण्याचा किनारा, ही सारी समाईक जमीन मिळून कोळीवाडा होतो. यांपैकी बहुतेक जागेवर बांधकाम नसते. वर्षातले काही महिने तेथे काहीच दिसत नाही. अशा जमिनीची नोंद कोळीवाड्याच्या हद्दीत झाली नाही तर ती उद्या कोणत्याही कामासाठी उपलब्ध समजली जाईल, ही भीती कोळी समाजाने वारंवार व्यक्त केली. गावठाणे आणि आदिवासी पाडे यांचीही व्यथा हीच होती. शहर त्यांच्याभोवती वाढले असले तरी नकाशात त्यांची ओळख कधी झोपडपट्टी, तर कधी सर्वसाधारण निवासी क्षेत्र अशी होत आली.

अशा वातावरणात २५ फेब्रुवारी २०१५ रोजी मसुदा प्रसिद्ध झाला आणि हरकतींसाठी ६० दिवसांची मुदत देण्यात आली. काही रेल्वे स्थानकांच्या परिसरात चटई क्षेत्र निर्देशांक ८ पर्यंत नेण्याचा प्रस्ताव त्यात होता. आरे वसाहतीतील सुमारे एक हजार हेक्टर हरित क्षेत्र विकासासाठी खुले करण्याची योजना होती. परंतु सर्वसामान्य रहिवासी खवळला तो या मोठ्या धोरणांमुळे नव्हे, तर आपल्या गल्लीतील चुकांमुळे. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले होते. वारसा वास्तूंच्या नोंदी गहाळ होत्या. प्रार्थनास्थळांच्या जागी भलतीच चिन्हे होती. दस्तऐवज इंग्रजीत असल्याने मराठी अनुवादाची मागणी जोर धरू लागली. तांत्रिक मजकुराचा अनुवाद करणाऱ्याला ठाऊक असते की, अशा कागदातील एक 'किंवा' चुकीच्या जागी पडला तरी अर्थ पालटतो; म्हणून घाईने करून दिलेला अनुवाद हे या तक्रारीचे पुरेसे उत्तर नव्हते. परंतु अनुवादच नसताना ६० दिवसांची मुदत ही इंग्रजी जाणणाऱ्यांपुरतीच मुदत ठरते.

पन्नास हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या. मुदत संपण्यापूर्वीच, एप्रिल २०१५ मध्ये, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या मसुद्यातील चुका दुरुस्त करून सुधारित मसुदा चार महिन्यांत तयार करण्याचे निर्देश दिले. प्रत्यक्षात त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. या वेळी महानगरपालिकेने पद्धत बदलली. विद्यमान सुविधांच्या नोंदी, आरक्षणे, रस्ते आणि नियमावली असे भाग टप्प्याटप्प्याने, अंतिम मसुद्याच्या आधीच लोकांसमोर ठेवण्यात आले. संपूर्ण सुधारित मसुदा २७ मे २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. ८ निर्देशांकाची कल्पना मागे पडली होती आणि आरे वसाहतीचा बराचसा भाग पुन्हा हरित क्षेत्रात आला होता.

यावरही हजारोंनी हरकती आल्या. नियोजन समितीने सुनावणी घेऊन मार्च २०१७ मध्ये अहवाल दिला. महानगरपालिकेच्या सभागृहाची मान्यता जुलै २०१७ च्या अखेरीस मिळाली. राज्य शासनाने एप्रिल २०१८ मध्ये मंजुरी जाहीर केली, ८ मे २०१८ रोजी अधिसूचना निघाली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून आराखडा व त्यासोबतची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आली. शासनाने स्वतः केलेले भरीव फेरबदल 'वगळलेला भाग' म्हणून वेगळे काढून त्यांवर पुन्हा हरकती मागविण्यात आल्या. या दुसऱ्या फेरीची माहिती फारच थोड्यांना असते. शासनाच्या पातळीवर झालेला बदल लोकांनी पूर्वी कधी पाहिलेलाच नसतो. त्यामुळे पहिल्या फेरीत हरकत घेतलेल्या रहिवाशानेही या टप्प्याकडे लक्ष ठेवणे आवश्यक असते.

काय साधले आणि काय नाही

मुंबईच्या या दीर्घ प्रक्रियेतील सर्वांत ठोस यश महिला संघटनांच्या पदरी पडले असे म्हणावे लागेल. त्यांनी मसुद्याला केवळ विरोध केला नाही. शहरातील स्त्रियांना कोणत्या जागा लागतात याची मांडणी केली आणि त्यासाठी जमीन कशी राखावी हे सुचविले. त्याचा परिणाम म्हणून नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास, पाळणाघरे, बेघरांसाठी निवारे आणि कौशल्य विकासाची सोय असलेली आधार केंद्रे, असे आरक्षणाचे नवे प्रकार आराखड्यात आले. यापूर्वीच्या आराखड्यांत असे काही नव्हते. पाळणाघर ही घरगुती अडचण न राहता रस्ता व शाळा यांच्या पंक्तीला बसलेली सार्वजनिक सुविधा झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

गावठाणे, कोळीवाडे आणि आदिवासी पाडे यांच्या वाट्याला मात्र आश्वासन आले. त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली करण्यात येईल असे सांगण्यात आले आणि हद्दी निश्चित करण्याचा प्रश्न आराखड्याबाहेर, महसूल यंत्रणेकडे गेला. परवडणाऱ्या घरांसाठी ना विकास क्षेत्राचा मोठा भाग आणि मिठागरांची काही जमीन खुली करण्याच्या निर्णयाला पर्यावरण क्षेत्रातील संस्थांनी घेतलेला आक्षेप मान्य झाला नाही. शासनाने त्यातून १० लाख परवडणारी घरे उभी राहतील असे म्हटले होते.

आरे वसाहतीचे उदाहरण तर हरकतीच्या मर्यादा दाखविणारे आहे. वसाहत सर्वसाधारणपणे वाचली, परंतु मेट्रो-३ च्या कारशेडसाठीची सुमारे ३३ हेक्टर जमीन त्यातून बाहेर काढण्यात आली. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री तेथील वृक्षतोड सुरू झाली आणि आंदोलन पेटले. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्ग येथे हलविण्याचा निर्णय झाला, २०२२ मध्ये तो फिरविण्यात आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा मार्ग प्रवाशांसाठी सुरू झाला. एका आराखड्यातील एका भूखंडावर चार सरकारी निर्णय झाले. रहिवाशांची हरकत त्यांपैकी एकालाही बंधनकारक नव्हती. प्राधिकरणाने हरकतीचा विचार करावा एवढेच कायदा सांगतो, ती मान्य करावी असे सांगत नाही.

परिणामकारक हरकत

हरकतींच्या संख्येचा दबाव राजकीय असतो. सुनावणीत मात्र एकाच छापील नमुन्यावर आलेले हजार अर्ज बहुधा एक मुद्दा म्हणून निकाली निघतात. विशिष्ट जमिनीविषयी, पुराव्यासह आणि निश्चित मागणी करणारा अर्ज वेगळा विचारात घ्यावा लागतो. अमुक प्रभागातील अमुक पत्रकावर, अमुक नगर भूमापन क्रमांकाच्या जागेवर १२ मीटर रुंदीचा रस्ता प्रस्तावित आहे, तेथे आज अमुक इमारत उभी आहे, तिचा मंजूर नकाशा व मिळकत पत्रिका सोबत जोडली आहे, सबब रस्त्याची आखणी अमुक दिशेने बदलावी, असे लिहिलेले एक पान 'आमच्या भागावर अन्याय झाला आहे' असे म्हणणाऱ्या दहा पानांपेक्षा मोलाचे ठरते. महाराष्ट्राबाहेर हे क्रमांक वेगळे असतात. दिल्लीच्या जुन्या गावांत खसरा क्रमांक द्यावा लागतो. छायाचित्रावर तारीख असावी. शाळा किंवा दवाखाना नकाशातून सुटला असेल तर त्याच्या नोंदणीची अथवा वीजबिलाची प्रत पुरेशी बोलकी असते.

व्यक्तिशः सुनावणी हवी असल्यास तसे अर्जातच नमूद करावे. सुनावणीत बोलायला मिळणारा वेळ थोडा असतो. सबंध आराखड्याच्या तत्त्वज्ञानावर बोलण्याच्या नादात आपल्या भूखंडाचा मुद्दा राहून जाणे, हे सुशिक्षित अर्जदारांच्या बाबतीत विशेष घडते. अर्जाची पोच, म्हणजे तारीख व शिक्का असलेली प्रत, जपून ठेवणे अगत्याचे. पुढे न्यायालयात गेल्यास मुदतीत हरकत घेतल्याचा तोच पुरावा ठरतो. नियोजन समितीचा अहवाल सहज उपलब्ध न झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये त्याची मागणी करता येते. आपल्या हरकतीपुढे 'मान्य', 'अंशतः मान्य' की 'अमान्य' असा शेरा पडला आहे, हे त्यातून समजते.

भाडेकरूने हरकत घ्यावी का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जमीन आपल्या नावावर नसली तरी कोणाही व्यक्तीला हरकत अथवा सूचना नोंदविता येते. मैदानालगत राहणाऱ्याचा मैदानाशी संबंध मालकीचा नसतोच.

अन्य शहरांत

दिल्लीत पहिला बृहद् आराखडा १९६२ मध्ये लागू झाला. २०२१ च्या आराखड्याच्या मसुद्यावर २००५ मध्ये सुमारे सात हजार हरकती आल्या होत्या. तो फेब्रुवारी २००७ मध्ये अमलात आला. त्यापुढील, २०४१ च्या आराखड्याचा मसुदा ९ जून २०२१ रोजी, म्हणजे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तडाखा ताजा असताना, प्रसिद्ध झाला. ४५ दिवसांची मुदत वाढवून २३ ऑगस्टपर्यंत नेण्यात आली आणि सुमारे ३३ हजार हरकती व सूचना आल्या. २०१८ पासूनच काम करीत असलेल्या 'मैं भी दिल्ली' या मोहिमेने फेरीवाले, घरकामगार, कचरावेचक आणि अनधिकृत वसाहतींतील रहिवासी यांना आपापल्या भाषेत हरकत लिहिण्यास मदत केली. मसुदा येण्याची वाट न पाहता तीन वर्षे आधी तयारी करणे, हे या मोहिमेचे वैशिष्ट्य. दिल्ली विकास प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आराखड्यास मान्यता देऊन तो केंद्र शासनाकडे पाठविण्याचे ठरविले. दिल्लीत जमिनीची सत्ता केंद्राच्या प्राधिकरणाकडे असल्याने रहिवाशाचा नगरसेवक किंवा आमदार या प्रक्रियेत दुय्यम ठरतो, ही तेथील विशेष अडचण आहे.

बंगळूरूमध्ये २०३१ च्या सुधारित आराखड्याचा मसुदा नोव्हेंबर २०१७ मध्ये आला. हजारो हरकतींबरोबरच, ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर असा आराखडा करण्याचा अधिकार विकास प्राधिकरणाला आहे की महानगर नियोजन समितीला, असा मूलभूत आक्षेपही घेण्यात आला. २०२० मध्ये मसुदा मागे घेण्यात आला. परिणामी २००७ पासून लागू असलेला, २०१५ पर्यंतच्या गरजांसाठी केलेला आराखडा मुदत संपल्यावरही वापरात राहिला. मसुदा हाणून पाडण्यात यश आले तरी त्याची जागा कोण घेणार, हा प्रश्न उरतो. बंगळूरूची वाढ तर थांबलेली नव्हती.

गोव्याचा आराखडा शहराचा नसून संपूर्ण राज्याचा प्रादेशिक आराखडा होता, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेला २०११ चा प्रादेशिक आराखडा 'गोवा बचाव अभियाना'च्या आंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये रद्द करण्यात आला. पुढे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाने २०२१ च्या आराखड्याचा मसुदा तयार केला आणि तो गावागावांत पाठविण्यात आला. आपल्या गावातील तळी, मंदिरे, डोंगर, खाजन जमिनी नकाशावर योग्य जागी आहेत की नाहीत हे ग्रामस्थांनी तपासले. हा प्रयोग देशात अपूर्व होता. तथापि अंतिम आराखडा गावांनी सुचविल्याप्रमाणे राहिला नाही, अशा तक्रारी आल्या आणि २०१२ मध्ये त्याची अंमलबजावणी स्थगित ठेवण्यात आली.

मंजुरीनंतरचे मार्ग

आराखडा मंजूर झाल्यावरही महाराष्ट्रात कलम ३७ अन्वये त्यात फेरबदल करता येतो. असा प्रत्येक फेरबदल प्रसिद्ध करून त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. मोठ्या आराखड्याच्या वेळी जागरूक असणारे रहिवासी एकेका भूखंडाच्या या सूचनांकडे दुर्लक्ष करतात आणि मैदाने बहुधा अशाच वाटेने जातात.

न्यायालये नियोजनाच्या गुणदोषांत सहसा शिरत नाहीत. कायद्याने घालून दिलेली पद्धत पाळली गेली की नाही हे पाहतात. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिमल्याच्या २०४१ च्या विकास आराखड्याचा मार्ग मोकळा करताना, आराखडा कसा असावा हे राष्ट्रीय हरित लवादाने ठरवू नये अशी भूमिका घेतली. परंतु पद्धत मोडली गेली असेल तर रहिवाशांना दाद मागता येते. बंगळूरूमध्ये उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी शुश्रूषागृहाला देण्यात आला असता त्या परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. 'बंगळूरू मेडिकल ट्रस्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला आणि भूखंडाचे वाटप रद्द ठरविणारा निर्णय कायम ठेवला. उद्यान नाहीसे होण्याने रहिवाशाची व्यक्तिगत हानी होते, त्यासाठी भूखंडाची मालकी लागत नाही, हे सूत्र त्यानंतर अनेक प्रकरणांत उपयोगी पडले.

महाराष्ट्रातील रहिवाशांनी ध्यानात ठेवण्याजोगी आणखी एक तरतूद कलम १२७ ची आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक प्राधिकरणाला सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे. त्याची जमीन अनिश्चित काळ अडवून ठेवता येत नाही. शेजाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हरकती घेऊन मिळविलेले मैदान अथवा पाळणाघर त्यांना काहीही न विचारता हातचे जाऊ शकते, कारण या टप्प्यावर जाहीर हरकती मागविण्याची व्यवस्था नाही. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याची ही दहा वर्षे १ सप्टेंबर २०२८ रोजी पूर्ण होतात. आपल्या भागातील कोणते आरक्षित भूखंड अद्याप महानगरपालिकेच्या ताब्यात आलेले नाहीत, याची विचारणा रहिवाशांना त्यापूर्वी प्रभाग कार्यालयात किंवा माहितीच्या अधिकारात करता येईल.